हेरा मत्सरी होती, हे कुणी सांगितलं? ग्रीक देवींचे स्वभावदोष आणि संशोधनाचा प्रश्न

ग्रीक देवींचा विषय निघाला की वर्गात एक यादी हमखास तयार होते. हेरा मत्सरी, ॲफ्रोडायटी चंचल, अथेना हुशार पण अहंकारी, आर्टेमिस निष्ठुर, डिमिटर रागावली तर जगाला उपाशी मारणारी. यादी झाली की वर एक वाक्य चढतं: ग्रीक देव माणसांसारखेच होते, फक्त अमर. परीक्षेतल्या दहा गुणांच्या उत्तराला एवढं पुरतं. पण हेच वाक्य पीएचडीच्या आराखड्यात लिहिलं, की समोरचा पहिला प्रश्न येतो, "कुणाच्या मते?" आणि गाडी तिथेच अडते.

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी आज या 'कुणाच्या मते' बद्दल लिहितोय. विषय ग्रीक देवींचा आहे, पण पद्धत कुठल्याही दैवतकथेवर काम करणाऱ्याला वापरता येईल.

आधी ती यादी उलगडून बघू. अथेनेच्या अहंकाराचा पुरावा म्हणून जवळजवळ प्रत्येक जण अरॅक्नीची गोष्ट सांगतो. विणकामात देवीला आव्हान देणारी मुलगी, तिचं निर्दोष काम पाहून चिडलेली देवी, फाडलेलं वस्त्र आणि शेवटी मुलीची झालेली कोळीण. दुसरा पुरावा मेड्युसाचा: देवळात तिच्यावर अत्याचार झाला आणि देवीने शिक्षा दिली ती तिलाच, केसांचे साप करून. दोन्ही गोष्टी आपल्याला ज्या रूपात माहीत आहेत, ते रूप ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मधलं आहे. ओव्हिड रोमन कवी, लिहितो लॅटिनमध्ये, काळ साधारण इ.स. 8. त्याच्या देवीचं नावसुद्धा अथेना नाही, मिनर्व्हा आहे. त्याच सुमारास सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला हद्दपार केलं. आपल्या कलाकृतीत देवांचे अपराध चितारणारी आणि त्यासाठी शिक्षा भोगणारी अरॅक्नी वाचताना अनेक अभ्यासकांना सत्तेपुढचा कलावंत दिसतो, तो काही उगाच नाही.

आता त्याच्या सुमारे सातशे वर्षं मागे जाऊन हेसिअडची 'थिऑगनी' उघडा. तिथे मेड्युसा तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटी मर्त्य. पोसायडन तिच्याशी संग करतो तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये. देऊळ नाही, अथेनेचा राग नाही, शिक्षा नाही. म्हणजे 'अथेनेने पीडितेलाच शिक्षा केली' हे विधान ग्रीक अथेनेबद्दल करायचं असेल तर पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल. ओव्हिडचा आधार घेऊन ते करता येत नाही. इंग्रजीतली 'ग्रीक मिथ्स' नावाची कुठलीही लोकप्रिय कथासंग्रहवजा पुस्तकं घेतली तर त्यात होमर, हेसिअड, ओव्हिड सगळे एकाच पातेल्यात शिजलेले असतात. वाचायला मजा येते, पण त्यातून कुणाचाही स्वभाव काढणं धोक्याचं.

याचा अर्थ ग्रीक अथेना सोज्वळ होती असा नाही. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ट्रॉयच्या बायका तिच्याच देवळात जातात. राणी हेक्युबा घरातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं वस्त्र निवडते, पुजारीण थिआनो ते मूर्तीच्या मांडीवर ठेवते, बारा कालवडींचा नवस बोलते. एकच मागणं: शहरावर, बायकांवर आणि तान्ह्या पोरांवर दया कर. आणि देवी नकार देते. होमर कारणसुद्धा सांगत नाही. मला विचाराल तर ही एवढीशी नोंद अरॅक्नीच्या पूर्ण कथेपेक्षा जास्त थंडगार आहे.

पण हा 'दोष' आहे का? इथे शब्दांचा प्रश्न येतो.

आपण मत्सर, अहंकार, सूडबुद्धी असे शब्द वापरतो तेव्हा नकळत माणसाचं मन गृहीत धरतो. ग्रीक ग्रंथांत देवांच्या रागामागे वारंवार एक वेगळा शब्द दिसतो: तिमे. इंग्रजी अनुवादात तो 'ऑनर' होतो आणि बराचसा अर्थ गळून जातो. मराठी वाचकाला मात्र तो समजायला फारसा त्रास पडू नये, कारण आपल्याकडे 'मान' आहे. लग्नातला मानपान आठवा. कुणाला पहिली सुपारी, कुणाला आहेर, जत्रेत पालखीचा मान कोणत्या घराण्याचा. तिथे 'मान' ही मनातली भावना नसते, तो वाटा असतो. तो दिला नाही तर रुसवा होतो, आणि तो रुसवा व्यक्तीच्या स्वभावापेक्षा तिच्या स्थानाशी जास्त बांधलेला असतो. तिमे बरीचशी अशीच. प्रत्येक देवतेचं एक क्षेत्र, त्या क्षेत्राचा एक वाटा, आणि तो वाटा माणसांनी चुकता न करता द्यायचा.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं युरिपिडीसच्या 'हिपोलिटस' नाटकात. इ.स.पू. 428 मध्ये अथेन्सला डायोनिससच्या उत्सवात ते झालं आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परस्परविरोधी देवींवर काम करायचं असेल तर सुरुवात इथून करा, असं मी आग्रहाने सांगेन. राजवाड्यासमोर दोन मूर्ती आहेत, एक ॲफ्रोडायटीची आणि एक आर्टेमिसची. एक कामवासनेची देवी, दुसरी कौमार्याची आणि शिकारीची. थिसियसचा मुलगा हिपोलिटस रानातल्या अस्पर्श कुरणातल्या फुलांची माळ आर्टेमिसला घालतो. ॲफ्रोडायटीला मात्र लांबूनच नमस्कार.

नाटक उघडतं ते ॲफ्रोडायटीच्या भाषणाने. ती सगळा बेत आधीच सांगून टाकते. त्यात दोन जागा मूळ ग्रीकमध्ये बघण्यासारख्या आहेत. एका ठिकाणी ती म्हणते की माणसांकडून मान मिळाला की देवांनाही आनंद होतो. इथलं क्रियापद तिमे या शब्दाच्याच कुळातलं. दुसऱ्या ठिकाणी ती हिपोलिटस आणि आर्टेमिस यांच्या सहवासाबद्दल बोलते आणि स्पष्ट सांगते की त्याचा मला हेवा नाही, कशाला असावा? हेवा करणे यासाठीचं नेमकं ग्रीक क्रियापद, फ्थोनेइन, ती वापरते आणि नाकारते. तिची तक्रार एवढीच, की त्याने माझ्याबाबतीत अपराध केला. आता सांगा, 'मत्सरी ॲफ्रोडायटी' असं प्रकरणाचं शीर्षक द्यायचं असेल तर या ओळीचं काय करायचं? ती खोटं बोलते असं म्हणता येईल, पण मग ते सिद्ध करावं लागेल.

बळी कोण जातं तेही ती सांगते. हिपोलिटसची सावत्र आई फीड्रा. ॲफ्रोडायटीनेच तिच्या मनात हिपोलिटसबद्दल वासना घातलीय. फीड्रा चांगल्या नावाची बाई आहे हे देवीला मान्य आहे, पण तिच्या दुःखाखातर मी माझा हिशेब सोडणार नाही, अशा अर्थाचं ती बोलते. फीड्रा शेवटपर्यंत लढते, दाईकडून गुपित फुटतं, ती गळफास घेते आणि जाताना हिपोलिटसवर खोटा आरोप करणारं पत्र ठेवते. थिसियस शाप देतो, समुद्रातून बैल उसळतो, घोडे उधळतात, मुलगा फरफटत जातो.

आणि मग आर्टेमिस येते. इतका वेळ आपल्याला वाटत असतं की ही दुसरी देवी वेगळी असेल. क्षेत्र उलटं, मूर्ती समोरासमोर, म्हणजे स्वभावही उलटा. ती काय करते? थिसियसला सत्य सांगते, त्याला फैलावर घेते. मी वाचवू शकले नाही कारण एका देवाने ठरवलेल्या गोष्टीत दुसऱ्याने आडवं जायचं नाही हा आमचा रिवाज, आणि झ्यूसची भीती होती. मग जाहीर करते की ॲफ्रोडायटीला सगळ्यात प्रिय असलेल्या एका मर्त्याला मी माझ्या बाणांनी मारीन. हिशेब चुकता. हिपोलिटसचा जीव जायच्या आधी ती निघून जाते, कारण मृत्यू पाहणं तिला निषिद्ध आहे. एवढा जुना सहवास तू किती सहज सोडून चाललीस, असं तो मरता मरता म्हणतो. रंगभूमीवर उरतात बाप आणि मुलगा, आणि क्षमा होते ती त्या दोघांमध्ये.

दोन देवींमधला विरोध इथे क्षेत्रांचा आहे. वागण्यात दोघी अगदी एकसारख्या. माझ्या मते ग्रीक देवींच्या तुलनेतली सगळ्यात कळीची गोष्ट हीच, आणि 'ॲफ्रोडायटी अशी, तर आर्टेमिस तशी' असा तक्ता काढला की नेमकी तीच दिसेनाशी होते.

आणखी एक पात्र विसरू नका, हिपोलिटसचा म्हातारा नोकर. नाटकाच्या सुरुवातीलाच तो ॲफ्रोडायटीच्या मूर्तीपुढे प्रार्थना करतो की पोरगं तरुण आहे, बोललं काहीतरी, तू ऐकलंच नाहीस असं समज. देव माणसांपेक्षा शहाणे असायला हवेत. म्हणजे देवांनी माणसांसारखं वागू नये, ही अपेक्षा ग्रीकांनाच होती. ती या नोकराच्या तोंडी पहिल्यांदा आली असंही नाही. कोलोफॉनचा झेनोफेनीस इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातला. होमर आणि हेसिअड यांनी चोरी, व्यभिचार, फसवणूक ही माणसांमध्ये लाज आणणारी सगळी कृत्यं देवांच्या माथी मारली, असा त्याचा आरोप. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव काढले असते, हा त्याचा टोला तर प्रसिद्धच आहे. पुढे प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात हेराला तिच्या मुलाने बांधल्याची गोष्ट आदर्श नगरात सांगायलाच बंदी घातली. तेव्हा 'ग्रीकांना आपले देव सदोष वाटत होते आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं' असं सरसकट विधान करू नका. यावर त्यांचं आपापसात भांडण होतं, आणि ते भांडण हा स्वतःच संशोधनाचा विषय आहे.

आता हेरा. तिच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो म्हणून तिला शेवटी ठेवलं.

'इलियड'मधली हेरा भयंकर आहे यात वाद नाही. चौथ्या सर्गात ट्रॉयच्या विनाशावरून झ्यूसशी घासाघीस चालते, तेव्हा ती म्हणते की आर्गोस, स्पार्टा आणि मायसीनी ही माझी तीन लाडकी शहरं. तुला हवी तेव्हा उद्ध्वस्त कर, मी मध्ये येणार नाही. स्वतःचे भक्त तारण ठेवणारी देवी! इथे झ्यूसच्या प्रेयसींचा विषयच नाही. सौंदर्यस्पर्धेत पॅरिसने डावललं म्हणून हा राग, असं आपण चटकन म्हणतो, पण 'इलियड'मध्ये त्या निवाड्याचा थेट उल्लेख पार चोविसाव्या सर्गात, जेमतेम काही ओळींत येतो, आणि अलेक्झांड्रियाच्या प्राचीन पंडितांनी त्या ओळींवरही शंका घेतली होती. चौदाव्या सर्गात ती ॲफ्रोडायटीकडून मोहिनी घालणारा नक्षीदार पट्टा मागून आणते आणि झ्यूसला भुलवून झोपवते. कपट? हो. पण लगेच पंधराव्या सर्गात जागा झालेला झ्यूस तिला आठवण करून देतो की पायांना दोन ऐरणी बांधून तुला मी आकाशात टांगलं होतं. बळ त्याच्याकडे आहे. उघड विरोधाचा रस्ता बंद असलेल्या राणीकडे जे उरतं ते ती वापरते. हेराच्या 'दोषां'ची चर्चा या ऐरणींशिवाय केली तर ती अर्धीच राहते.

काव्य बाजूला ठेवून देवळांकडे वळलं की हेराचं चित्र चांगलंच बदलतं. सॅमोस बेटावरचं तिचं देऊळ आपण पाहिलेल्या देवळांत सगळ्यात मोठं, असं हेरोडोटस लिहून गेलाय. तिथल्या उत्खननात इजिप्त आणि पश्चिम आशियातून आलेल्या वस्तू देवीला वाहिलेल्या सापडल्या. ऑलिंपियात हेराचं देऊळ साधारण इ.स.पू. 600 चं, म्हणजे तिथल्या झ्यूसच्या प्रसिद्ध देवळाच्या शंभराहून अधिक वर्षं आधीचं. आजही ऑलिंपिकची ज्योत पेटवतात ती याच देवळाच्या अवशेषांपुढे. पाउसानियस हा इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक सांगतो की तिथे दर चार वर्षांनी सोळा स्त्रिया हेरासाठी वस्त्र विणत आणि मुलींच्या धावण्याच्या शर्यती भरवत. मत्सरी बायकोसाठी कुणी एवढं करत नाही.

याच पाउसानियसची एक नोंद मला फार मोलाची वाटते. आर्केडियातल्या स्टिम्फालस इथे हेराची तीन देवळं होती असं तो ऐकतो: एक कुमारी हेराचं, एक विवाहित म्हणजे 'पूर्ण' हेराचं, आणि एक 'विधवा' हेराचं. झ्यूस तर अमर, मग हेरा विधवा कशी? स्थानिक कथा अशी की तिचं झ्यूसशी भांडण झालं आणि ती स्टिम्फालसला परतली, म्हणून हे नाव. दुसरीकडे, नॉप्लियाजवळच्या कानाथोस झऱ्यात ती दरवर्षी स्नान करून पुन्हा कुमारी होते, हेही तोच नोंदवतो. काव्यात जे नवराबायकोचं कडाक्याचं भांडण आहे, तेच पूजेत स्त्रीच्या आयुष्याच्या टप्प्यांशी जोडलं जातंय. व्हिन्सियान पिरेन-देल्फोर्ज आणि गाब्रिएला पिरोन्ती यांनी 2016 मध्ये फ्रेंचमध्ये आलेल्या हेरावरच्या पुस्तकात काव्यातली भांडखोर राणी आणि पूजेतली देवी यांना वेगवेगळ्या खणांत न टाकता एकत्र वाचायचा प्रयत्न केलाय. उलट बाजूने सारा पोमेरॉय यांचं 1975 चं प्राचीन स्त्रियांवरचं पुस्तक बघा. एका पूर्ण स्त्रीचे गुण अनेक देवींमध्ये तुकडे करून वाटले गेले, असा त्यांचा रोख. दोन्ही वाचा आणि मग आपली बाजू ठरवा. पोमेरॉय यांचा मुद्दा वजनदार आहे, पण स्टिम्फालसच्या तीन देवळांपुढे तो मला थोडा अपुरा वाटतो, कारण तिथे तुकडे एकाच देवीत आहेत.

प्रत्यक्ष कामाचं सांगायचं तर 'ग्रीक देवींचे मानवी दोष' हा विषय म्हणून पेलणार नाही, पसरत जाईल. तो लहान करा. एक देवी, एक साहित्यप्रकार, एक शतक. किंवा एकच शब्द घ्या, उदाहरणार्थ खोलोस म्हणजे राग, आणि तो होमरमध्ये कोणकोणत्या देवीबद्दल कुठे येतो ते तपासा. प्रत्येक गोष्ट नोंदताना शेजारी लिहा: कुणी सांगितली, कधी, कोणत्या प्रसंगी, कुणापुढे. ग्रीक येत नसेल तर पर्सियस डिजिटल लायब्ररीवर मूळ संहिता, इंग्रजी अनुवाद आणि शब्दकोश जोडलेला मिळतो, तोही फुकट. अनुवादात 'जेलस' दिसलं की थांबून मूळ शब्दावर क्लिक करायचं, एवढी सवय लावून घेतली तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

कॅलिमॅकसचं उदाहरण या सवयीच्या कामाचं आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या या कवीच्या अथेनेवरच्या स्तोत्रात तहानलेला तरुण टायरेसियस झऱ्यावर येतो आणि स्नान करणारी अथेना त्याच्या नजरेस पडते. तो तिथेच आंधळा होतो. त्याची आई खारिक्लो ही अथेनेची जिवाभावाची सखी, ती आक्रोश करते. अथेना उत्तर देते की हे मी केलं नाही, क्रोनसच्या काळापासूनचा नियमच तसा आहे. मग ती त्याला भविष्यज्ञान, काठी आणि दीर्घायुष्य देते, आणि आर्टेमिसला असंच पाहणाऱ्या अक्टियनची आई तुझा मुलगा निदान जिवंत राहिला म्हणून तुला भाग्यवान म्हणेल, असं सखीला सांगते. इथे देवीला मुलाची दया येते, पण नियम तिच्याही हाताबाहेर आहे. याला निष्ठुरपणा म्हणायचं की हतबलता, यावर एक चांगलं प्रकरण उभं राहू शकतं.

जाता जाता, या यादीत कधीच नसलेली देवी म्हणजे चुलीची देवी हेस्टिया. तिचा राग नाही, सूड नाही, प्रेमप्रकरण नाही. पोसायडन आणि अपोलो दोघांनी मागणी घातली तेव्हा तिने झ्यूसच्या मस्तकाला हात लावून कुमारी राहण्याची शपथ घेतली, आणि तिची कथा जवळजवळ तिथेच संपते. तिने डायोनिसससाठी आपलं ऑलिंपसवरचं आसन सोडलं ही गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे दिसेल, पण ती प्राचीन ग्रंथांत सापडत नाही. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या 1955 च्या पुस्तकामुळे ती पसरली. मान मात्र तिचा मोठा: मेजवानीत पहिला आणि शेवटचा अर्घ्य तिला, असं तिच्यावरचं स्तोत्र सांगतं. वाटा ठरलेला, तो रोज घरोघरी चुकता होतोय, आणि कवींना तिच्याबद्दल सांगायला काही मिळत नाही.